फळीला हलायला जागा
घरच्या लाकडी अलमारीची रचना सुधारताना : प्रस्तावना

पिशोरच्या बऱ्याच घरांत एक तरी अलमारी घरच्या हातांनी बनलेली असते. वादळात बांधावरचं आंब्याचं झाड पडतं, रीतसर परवानगी घेऊन ते गिरणीवर नेलं जातं, फळ्या पाडून येतात आणि घरातलं कोणी तरी दिवाळीच्या सुट्टीत करवत, हातोडी, ड्रिल मशीन घेऊन बसतं. महिन्याभरात सहा फूट उंच, चार फूट रुंद, दीड फूट खोल अशी अलमारी उभी राहते. तिच्यात डाळींचे डबे जातात, मुलांची पुस्तकं जातात, सातबाऱ्याचे कागद आणि बियाण्याच्या पिशव्या जातात. पहिलं वर्ष सगळं छान. दुसऱ्या श्रावणात दार अडकतं. त्यापुढच्या वैशाखात बाजूच्या फळीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला दिसतो.

मग घरात निदान सुरू होतं. कोणी म्हणतं लाकूड कच्चं होतं, कोणी म्हणतं खिळे कमी पडले, कोणी म्हणतं सुतारालाच बोलवायला हवं होतं. उपायही ठरलेले असतात : आणखी चार स्क्रू, तड्यात फेविकॉल आणि भुसा, दारावरून रंधा. पुढच्या वर्षी तडा शेजारी सरकतो आणि दार उन्हाळ्यात इतकं सैल होतं की फटीतून झुरळं आत जातात.

ही पुस्तिका अशा एकाच अलमारीची आहे. तिचं लाकूड वाईट नव्हतं, ती बनवणारा हातही वाईट नव्हता. चूक आराखड्यात होती, आणि तीही एकाच ठिकाणी. ती चूक कशी ओळखायची आणि अलमारी न मोडता कशी काढायची, एवढंच पुढच्या पानांत आहे. पिशोर, नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी या पट्ट्यात ज्यांनी स्वतः फळ्या ठोकून काही उभं केलं आहे आणि आता ते तडकताना पाहत आहेत, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. मात्र पानं उलटण्याआधी लाकूड वर्षभर काय करतं हे नीट समजून घ्यायला हवं, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

झाड तोडल्यावर लाकडात दोन प्रकारचं पाणी असतं. एक पोकळ पेशींमध्ये साठलेलं, ते आधी निघून जातं आणि त्यानं फळीच्या मापात काही फरक पडत नाही. दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओलावा उतरला की या दुसऱ्या पाण्याची पाळी येते आणि तिथून पुढे लाकूड आटायला लागतं. हे आटणं कधीच पूर्ण संपत नाही, कारण हवा ओली झाली की लाकूड पाणी परत ओढून घेतं. वीस वर्षं घरात उभी असलेली फळीसुद्धा प्रत्येक पावसाळ्यात फुगते आणि प्रत्येक उन्हाळ्यात आटते. लाकूड पिकलं की ते स्थिर होतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. पिकलेलं लाकूड नव्यानं वेडंवाकडं होत नाही, पण ऋतूबरोबर हलणं ते सोडत नाही. रंग, पॉलिश, वॉर्निश यांनी हे हलणं मंदावतं, थांबत नाही.

आणि ते सगळ्या दिशांनी सारखं हलत नाही. सगळी गोम इथे आहे. फळीच्या लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेनं, ते जवळपास हलतच नाही. सहा फुटांची फळी वर्षभरात लांबीला नखाएवढीही बदलत नाही. रुंदीत मात्र ती बरीच बदलते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग रुंदीत, खोडाच्या वर्तुळांच्या बाजूनं मोजलं तर, जवळपास सहा टक्के आटतो. गाभ्यापासून सालीच्या दिशेनं मोजलं तर अडीच टक्क्यांच्या आसपास. आंबा पहिल्या दिशेनं सागासारखाच, दुसऱ्या दिशेनं थोडा जास्त. साग चांगला मानला जातो तो बिलकूल हलत नाही म्हणून नव्हे. त्याच्यातल्या तेलामुळे तो ओलावा हळूहळू घेतो, हळूहळू सोडतो आणि किडीला तोंड देतो. आंब्याच्या लाकडाला ही तेलाची देणगी नाही. ते चटकन पितं, चटकन सोडतं, आणि घुण त्याच्या मागे लागतो तो वेगळाच.

आता आपल्याकडची हवा पाहा. पिशोर अंजना नदीच्या काठी, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याच्या पट्ट्यात. एप्रिल-मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते; ओठ फुटतात, माठातलं पाणी लवकर उडतं. जुलै-ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता ऐंशीच्या घरात जाते, मीठ ओलं होतं, आगपेटी पेटत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवा बारा महिने दमट असते, त्यामुळे तिथलं लाकूड वरच्या बाजूलाच राहतं आणि थोडं हलतं. मराठवाड्यातलं लाकूड वर्षातून एकदा खालच्या टोकाला जातं आणि एकदा वरच्या. बांधकाम आणि फर्निचरच्या लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवणारं आयएस २८७ हे भारतीय मानक देशाचे हवेच्या आर्द्रतेनुसार चार विभाग पाडतं ते याचसाठी. जे माप एका विभागात योग्य, ते दुसऱ्यात चुकीचं ठरतं. मुंबईच्या कारखान्यात बनलेलं दार आपल्याकडच्या पहिल्याच मे महिन्यात फटी दाखवतं, त्यामागेही बहुधा हेच असतं.

घरात ठेवलेल्या फळीतला ओलावा उन्हाळा ते पावसाळा आठ टक्क्यांनी बदलतो असं धरू. वरचं गणित लावलं तर फूटभर रुंद फळी चार ते पाच मिलिमीटर बदलते. दीड फूट खोल अलमारीची बाजू, म्हणजे दोन-तीन फळ्या जोडून केलेला तो उभा पाट, सहा-सात मिलिमीटर. तर्जनीच्या अर्ध्या रुंदीएवढं हे अंतर आहे. एवढं अंतर कुठे तरी जायलाच हवं. अलमारी बनवणाऱ्यानं त्याला वाट ठेवली नसेल, तर लाकूड स्वतः वाट काढतं आणि आपण तिला तडा म्हणतो.

आपल्या अलमारीत काय झालं ते आता सांगता येतं. बाजूच्या पाटांची रेषा उभी. वरची आणि तळाची फळीही आंब्याचीच, तिची रेषा डावीकडून उजवीकडे. म्हणजे बाजू, वर, तळ हे चारही भाग खोलीच्या दिशेनं, भिंतीकडून दाराकडे, बरोबरीनं फुगतात आणि बरोबरीनं आटतात. इथपर्यंत आराखडा उत्तम आहे, आणि ज्यानं तो केला त्याला हे माहीत नसतानाही तो उत्तम निघाला. मागची सहा मिलिमीटरची प्लाय पाटांच्या मागच्या कडेला ठोकलेली आहे. ती खोलीच्या हालचालीला आडवी येत नाही, उलट अलमारीला तिरकं होऊ देत नाही. तीही बरोबर.

चूक आहे आतल्या कप्प्यांखालच्या पट्ट्यांत. प्रत्येक कप्पा टेकायला डावी-उजवीकडे एकेक पट्टी हवी, म्हणून दीड फूट लांबीच्या सागाच्या पट्ट्या पाटांवर आडव्या लावल्या. मजबूत व्हाव्यात म्हणून पूर्ण लांबीला फेविकॉल आणि वर पाच-पाच स्क्रू. पट्टीची लांबी पाटाच्या रुंदीच्या दिशेनं आहे. म्हणजे जी दिशा पट्टीची न हलणारी, तीच पाटाची सर्वांत जास्त हलणारी. पट्टी दीड फुटाची दीड फूटच राहते, पाट सात मिलिमीटर मागेपुढे होऊ पाहतो, आणि दोघं एकमेकांना पूर्ण लांबीला चिकटलेले. एका पाटावर अशा चार पट्ट्या. वैशाखात पाट आटू लागला की पट्ट्या त्याला आटू देत नाहीत. तो ताणला जातो आणि रेषेच्या बाजूनं फाटतो, कारण लाकूड रेषेच्या आडव्या ताणाला सर्वांत कमजोर असतं. पट्ट्या पावसाळ्यात लावल्या असत्या तर तडा पहिल्याच उन्हाळ्यात आला असता. इथे त्या दिवाळीनंतर लागल्या, म्हणून आधी पाट पावसाळ्यात फुगू पाहत दबला, त्याच्या पेशी चेपल्या गेल्या, आणि मग आटताना तो पूर्वीपेक्षाही अरुंद व्हायला निघाला. तड्याला वेळ लागला तो त्यामुळे.

म्हणजे जितके जास्त स्क्रू, तितका तडा नक्की. घरच्या माणसानं काळजीपोटी केलेली मजबुतीच अलमारीला नडली. मला या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते, आणि ही पुस्तिका लिहिण्याचं खरं कारणही तेच.

जुन्या सुतारांच्या कामात हा घोटाळा क्वचित दिसतो, याचं एक कारण गोंद आहे. पूर्वी लाकूडकामात जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरत. तो दमट हवेत सैल पडे. त्याच्यावर भिस्त ठेवता येत नसे, म्हणून सांधा स्वतःच्या आकारानं टिकेल असा कापावा लागे : कूस खाचेत बसवायची, वरून लाकडी खुंटी मारायची, आणि रुंद फळी कधीही चारी बाजूंनी जखडायची नाही. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आलं आणि पुढच्या काही दशकांत ते गावोगावच्या सुतारांच्या हाती पोचलं. पांढऱ्या गोंदाचा नीट केलेला सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा कमजोर राहत नाही. ही मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण त्याबरोबर मोडण्याची जागा बदलली. सरस हार मानायचा आणि फळी वाचायची. आता गोंद हार मानत नाही, म्हणून फळी फाटते. गोंद सुधारला तेव्हा आराखडाही बदलायला हवा होता, ते घरोघरी कुणी सांगितलं नाही.

सांगणारे कमी झाले हेही आहेच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिलं, तेव्हा सुतार हा गावाचा बलुतेदार होता. नांगर, वखर, पाभर, तिफण, गाडी यांची वर्षभराची दुरुस्ती करायची आणि सुगीला धान्यात मोबदला घ्यायचा. त्याला बाभळीचं चाक कोणत्या महिन्यात सैल होतं हे कळायचं, कारण ते ठीक करायला शेतकरी त्याच्याच दारात येई. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारं आली, बलुतं गेलं, सुतारनेट बंद पडलं. दुसरीकडे १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजनं १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला घेतली, आणि पुढे लग्नात लोखंडी कपाट देणं हा मानाचा भाग झाला. नंतर प्लाय आणि सनमायका आला. प्लायचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ती रुंदीत फारशी हलत नाही. प्लायवर शिकलेला कारागीर प्लायच्या सवयीनं आंब्याच्या फळीला स्क्रू मारतो. त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच करत असतो. फक्त समोरचा माल वेगळा असतो.

लाकडाची ही समज आपल्या भागात किती जुनी आहे याची साक्ष वेरूळला आहे. दहावं लेणं, सातव्या-आठव्या शतकातलं चैत्यगृह, लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणूनच ओळखतात. आत गेलं की डोक्यावर कमानदार छताच्या दगडी फासळ्या दिसतात, लाकडी वाशांसारख्या ओळीनं कोरलेल्या. तिथल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार मंडळी तिथे दर्शनाला येत आली आहेत. दगडाला फासळ्यांची गरज नसते. त्या कोरल्या, कारण त्याआधीची चैत्यगृहं लाकडाची होती आणि डोळ्यांना ती सवय होती. पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खऱ्या लाकडी फासळ्या आजही छताला आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात मधल्या छताच्या लाकडी फासळ्या गेल्या, त्यांच्या जागा तेवढ्या दिसतात. कार्ल्याच्या फासळ्या पाहताना सुताराच्या नजरेनं एक गोष्ट पाहावी : तिथे रुंद पाट कुठेच जखडलेला नाही. अरुंद, लांब लाकूड कमानीत बसवलं आहे. अरुंद लाकूड थोडं हलतं, आणि रेषेच्या बाजूनं तर हलतच नाही. माझ्या मते ते इतकं टिकण्यात सागाइतकाच या आकाराचाही वाटा आहे.

जुन्या वाड्यांच्या दारांत हीच समज वेगळ्या रूपात भेटते. पैठणला किंवा जिल्ह्याच्या शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांत एखादं नक्षीचं दार पाहायला मिळालं तर जवळ जाऊन बघा. भोवती तीन-चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांची चौकट असते, आणि मधली रुंद फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली. तिला गोंद नाही, खिळा नाही. ती पावसाळ्यात खाचेच्या आत फुगते, उन्हाळ्यात आत सरकते, आणि बाहेरून दाराचं माप तेवढंच राहतं. चौकटीची पट्टी अरुंद असल्यामुळे ती जेमतेम मिलिमीटरभर बदलते. एवढ्या साध्या रचनेनं दीड-दोनशे वर्षांचे उन्हाळे-पावसाळे जिरवले आहेत.

आता दुरुस्ती. पहिला नियम असा की अलमारी मोडायची नाही. डबे काढा, कप्पे काढा, पट्ट्या उघड्या करा. नवी अलमारी केल्याशिवाय ही चूक सुधारत नाही असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. चूक पट्टीत आहे, तर हात पट्टीलाच लावायचा.

पट्टी फक्त स्क्रूंनी लावलेली असेल तर काम सोपं आहे. ती उतरवायची. पुढचं, दाराजवळचं भोक जसं आहे तसं गोल ठेवायचं. बाकीची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेनं कानशीनं किंवा ड्रिलनं लांबट करायची, दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर. गोंद न लावता पट्टी परत बसवायची. पुढचा स्क्रू घट्ट, बाकीचे वॉशर घालून इतपतच आवळलेले की पट्टी डुगडुगणार नाही पण लाकूड स्क्रूखालून सरकू शकेल. पुढचा स्क्रू घट्ट ठेवण्याला कारण आहे. हालचाल मग सगळी मागे जाते आणि दारासमोरची कड जिथल्या तिथे राहते. प्लायचा कप्पा मात्र मागच्या प्लायपासून एक सेंटिमीटर आखूड असायला हवा. नसेल तर वैशाखात पाट आटताना तो कप्पा मागची प्लाय ढकलतो आणि खिळे उपटतो. ही बारीक गोष्ट निसटते, म्हणून पुस्तिकेत तिला वेगळं चित्र दिलं आहे.

पट्टी गोंदानं चिकटलेली असेल, आणि आपल्या अलमारीत ती तशीच होती, तर उपटायला जाऊ नका. उपटताना पाटाच्या चिरफळ्या निघतात. त्याऐवजी पट्टी जागेवरच कापायची. बारीक दात्यांच्या करवतीनं तिला दोन ठिकाणी छेद द्यायचा, अगदी पाटाच्या पृष्ठभागापर्यंत, आणि पटाशीनं प्रत्येक छेद बोटभर रुंद करायचा. दीड फुटाच्या पट्टीचे तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा आता पाटाचा फक्त पाचेक इंचांचा भाग धरून ठेवतो, आणि त्या पाच इंचांत हालचाल दोन मिलिमीटरच्या आसपास, ती लाकूड सोसतं. उरलेली फटींमध्ये जिरते. तिन्ही तुकडे एका रेषेत असल्यामुळे कप्पा पूर्वीसारखाच टेकतो. भार पेलण्यात काही कमी येत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात स्क्रू आहेतच. माझ्या माहितीत घरच्या अलमारीसाठी याहून कमी खर्चाची आणि इतकी नेमकी दुरुस्ती दुसरी नाही. एक करवत, एक पटाशी, एक दुपार.

तडा तेव्हाच बुजवू नका. पट्ट्या मोकळ्या केल्यानंतर एक पावसाळा जाऊ द्या. तडा बराचसा आपोआप मिटलेला दिसेल. उन्हाळ्यात, तडा सर्वांत रुंद असताना, त्यात गोंद-भुसा भरला तर तो खडा होऊन बसतो. पावसाळ्यात दोन्ही कडा त्याच्यावर दाबल्या जातात, लाकूड चेपतं, आणि पुढच्या वैशाखात शेजारी नवा तडा. श्रावण-भाद्रपदात उरलेल्या बारीक फटीत त्याच झाडाची, त्याच रेषेची पातळ चिरफळी गोंद लावून बसवली की ती वर्षभर पाटाबरोबरच फुगते-आटते.

दाराच्या बाबतीत एकच सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. श्रावणात अडकलेलं दार श्रावणातच रंधू नका. तेव्हा तीन मिलिमीटर तासलं की ते वैशाखात पाच-सहा मिलिमीटरची फट दाखवणार. आधी अडकायचं कारण शोधा. बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यानं दार खाली आलं असेल तर रंध्याचा संबंधच नाही. बिजागऱ्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी वरच्या बिजागरीवरची ओढ कमी. पंधरा किलोचं, दोन फूट रुंद दार पाच फुटांच्या अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलं तर वरच्या बिजागरीला सुमारे तीन किलोची ओढ लागते. अंतर फूट-सव्वा फुटाचं ठेवलं तर ती बारा किलोंवर जाते. आणि फक्त बाहेरून सनमायका लावलेलं दार वाकलं असेल, तर आतल्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा पत्रा लावल्याशिवाय ते सरळ राहणार नाही. एका बाजूनं लाकूड श्वास घेतं आणि दुसऱ्या बाजूनं नाही, म्हणून ते पिळतं.

कप्प्याला पडणारा झोल ही दुसरी तक्रार. तिचा ओलाव्याशी फारसा संबंध नाही, पण ती इतक्या घरांत आहे की टाळता येत नाही. सारख्याच भारानं पूर्ण भरलेला कप्पा दोन फुटांऐवजी चार फूट केला तर त्याचा झोल दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. शिवाय लाकूड आणि प्लाय सतत भाराखाली राहिली की झोल वर्षागणिक वाढत जातो. यासाठी कप्पा जाड करत बसण्यापेक्षा पुढच्या कडेखाली एक पट्टी उभी लावावी. अठरा मिलिमीटर जाड, फूटभर रुंद कप्प्याखाली वीस मिलिमीटर जाडीची, चाळीस मिलिमीटर उंच पट्टी पूर्ण लांबीला चिकटवली की तोच कप्पा अंदाजे पाच पट ताठ होतो. इथे गोंद पूर्ण लांबीला लावायला हरकत नाही, उलट तो हवाच, कारण पट्टीची रेषा आणि कप्प्याची लांबी एकाच दिशेला आहे. दोघं एकमेकांविरुद्ध ओढत नाहीत. हा फरक एकदा डोळ्यांना दिसू लागला की पुढच्या प्रत्येक सांध्यासमोर हात आपोआप थांबतो आणि रेषा कुठे चालली आहे ते आधी पाहतो.

या पुस्तिकेत काही गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. नवी अलमारी कशी करावी हे इथे नाही. रंगकाम नाही. वाळवीवरची औषधं नाहीत. तेवढं मात्र नक्की करा की अलमारी मातीच्या किंवा दगडी भिंतीला टेकवून ठेवू नका, दोन इंच मोकळे सोडा, आणि पायाखाली कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे घाला, म्हणजे जमिनीची ओल थेट चढणार नाही. आणि झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आंबा आणि साग दोन्ही आहेत, तेव्हा झाड बांधावरचं आणि आपलंच असलं तरी करवतीआधी कागद, हे विसरू नका.

पहिलं प्रकरण मोजमापाचं आहे, आणि ते न वाचता दुसऱ्याकडे जाऊ नये अशी विनंती आहे. त्यात मोजपट्टीशिवाय हत्यार एकच लागतं, टोक केलेली पेन्सिल. बाजूच्या पाटाची खोली वर, मध्ये आणि खाली तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि आतल्या बाजूला, कप्प्याच्या आडोशाला, तारखेसह लिहून ठेवायची. एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑगस्टच्या मध्यावर. दोन आकड्यांतला फरक हा तुमच्या घरातला, तुमच्या झाडाचा आकडा आहे. स्वयंपाकघरातल्या अलमारीचा वेगळा येईल, माडीवरच्या अलमारीचा वेगळा. लांबट भोकं किती लांब आणि कप्पा किती आखूड, हे त्याच आकड्यावरून ठरवायचं. ज्यांना एवढं थांबायचं नाही त्यांनी माझे सात मिलिमीटर धरावेत आणि काम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये काढावं. तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मधोमध असतं, म्हणून स्क्रू लांबट भोकाच्या बरोबर मध्यावर बसवायचा. मेमध्येच काम काढणं भाग पडलं तर पाट सर्वांत आटलेला असतो. पुढचा स्क्रू घट्ट असल्यानं तो इथून पुढे फक्त मागच्या बाजूला वाढणार आहे, तेव्हा स्क्रू भोकाच्या पुढच्या, दाराकडच्या टोकाला ठेवून मागे जागा सोडायची. ऑगस्टमध्ये याच्या नेमकं उलट.